बाबाच्या जगाच्या त्रेचाळीस कॉप्या

प्रिय बाबा,

आज दुपारी मी तुझं जग पुसलं. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा चुकून पुसलं होतं, या वेळी मुद्दाम. हे तुला सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि तुझ्याशी बोलायला आता लिहिण्याखेरीज दुसरा मार्ग कुठे आहे? म्हणून तुझ्या जावयाला, निलेशला, बाजारात पाठवलं आणि तुझ्या पलंगावर बसून लिहायला घेतलं. शेवंती आणि पत्र! हसशील तू. शाळेत दहा ओळींच्या निबंधाला रडणारी तुझी लेक.

कुठून सुरुवात करू? तू तांडेल होतास, बोटीचा म्होरक्या, तिथूनच करते. सातपाटीच्या धक्क्यावरून तू हाक मारलीस की बोटीच्या दुसऱ्या टोकाचा खलाशीसुद्धा दचकायचा. एका सकाळी अर्धांगाचा झटका आला आणि तो आवाज गेला. जीभ जड झाली, उजवा हात गेला, उजवा पाय गेला. आई त्याआधी दोन वर्षं गेलेली. बोट विकली आणि तुला मी बोईसरला आणलं. मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला, निलेश दुसऱ्या कंपनीत शिफ्टला. दुसरं काय करणार होतो आम्ही?

पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. तुझ्या बोटीवरचा सगळ्यात जुना खलाशी हरेश्वरकाका आणि आणखी तिघं, असं चौघांनी तुला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं. खुर्ची दारात टेकवून काका घाम पुसत म्हणाला, "आनला तर खरा. पन याला खाली कोन उतरवनार गो?"

मी म्हणाले, "उतरवू की काका. चार माणसं काय मिळणार नाहीत?"

तीन वर्षांत तू पाच वेळा उतरलास बाबा. पाचही वेळा दवाखान्यात.

बाकीचे दिवस हा पलंग, ही खिडकी, खिडकीची जाळी आणि जाळीतून दिसणारी समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. ज्या माणसाला घराचं छप्परसुद्धा जड व्हायचं, त्याला मी दहा बाय बाराच्या खोलीत ठेवलं होतं. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, चादर स्वच्छ. शेजारणी म्हणायच्या, लेक असावी तर अशी! आणि मी ते ऐकून घ्यायचे.

टॅब निलेशनेच आणला. डावा हात तरी चालता राहील म्हणून त्याने तो ठोकळ्यांचा गेम टाकून दिला. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून हवं ते बांधायचं. डोंगर, घरं, नदी, काहीही. त्यात ठोकळे कधी संपणार नाहीत आणि कोणी मारायला येणार नाही, असं त्याने लावून दिलं होतं. तू बघितलंस आणि म्हणालास, "ह्ये पोरांचं हाय."

चार दिवसांनी तूच निलेशला विचारलंस, "यात पानी कसं भरायचं?"

मग तू त्यातच असायचास. उशीवर टॅब आणि डावा अंगठा चालू. खरं सांगू? मला बरं वाटलं. तू गप्प राहायचास, हाका मारायचा नाहीस, आणि मी निर्धास्त ड्युटीवर जायचे. तू काय बांधतोयस, हे मी एकदाही विचारलं नाही.

मग तो दिवस आला. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी तुझ्यासाठी व्हिडिओ पाठवले होते आणि टॅबमध्ये जागा नव्हती. मी गेम उघडला. यादीत तीन जगं होती आणि तिन्हींचं नाव एकच, "नवीन जग". नाव बदलायला तुला कोणी शिकवलंच नव्हतं. मला वाटलं एकच गोष्ट तीनदा साठवली गेलीय. मी वरची दोन पुसली. "कायमचं पुसायचं का?" असं टॅबने विचारलंही. गॅसवर भाजी होती. मी "हो" दाबलं.

संध्याकाळी तू हाक मारलीस. जड जिभेने, पण अगदी स्पष्ट. "शेवंते, माजं गाव कुटं गेलं?"

"कुठलं गाव?"

"हितं व्हतं."

सात महिन्यांचं काम होतं ते. निलेशने नंतर मला सांगितलं. तू सातपाटी बांधली होतीस. खाडी, धक्का, बोंबील वाळवायच्या काठ्यांच्या रांगा, आपलं घर, दाराबाहेरची आईची चूलसुद्धा. निलेश टॅब घेऊन दोन दुकानं फिरला. दोघांनी सांगितलं, कॉपी काढून ठेवली नसेल तर परत येत नाही.

तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. बाबा, ओरडायचं होतंस ना! पाण्याचा तांब्या फेकायचा होतास. खलाशाने जाळ्याचा गुंता केला तर तू त्याच्या सात पिढ्या काढायचास, आणि मला काहीच नाही? तीन आठवडे टॅब खिडकीत पडून होता.

मग एका सकाळी तू हात पुढे केलास. "दे."

मी त्याच दिवशी पॅकिंगमधल्या एका मैत्रिणीकडून कॉपी काढायला शिकून आले. दर रविवारी सकाळी तुझं जग मेमरी कार्डावर आणि पेन ड्राइव्हवर. नाव द्यायचे: बाबा रविवार एक, बाबा रविवार दोन. तू डोळे लावून बसायचास.

"झालं काय?"

"झालं."

"ठेवलंस नीट?"

"ठेवलं बाबा."

मगच चहाला हात लावायचास. त्रेचाळीस रविवार मी तुझं जग सांभाळलं, आणि एकदाही त्याच्या आत डोकावले नाही. फाइल आली का, उघडते का, एवढंच बघायचे.

त्यातल्याच एका रविवारी तू विचारलंस, "यकदा बंदरावर नेशील काय?"

मी म्हणाले, "पावसाळा जाऊ दे." पावसाळा गेला तेव्हा म्हणाले, "होळीला जाऊ." होळीच्या आठवड्यात मला सुट्टी मिळाली नाही. हरेश्वरकाकाचे फोन यायचे, कधी आणतेस म्हणून. पुढे पुढे मी ते उचलेनासे झाले. चार माणसं लागत होती बाबा. फक्त चार माणसं आणि एक गाडी. ती मी गोळा केली नाहीत. तू परत विचारलं नाहीस.

तू गेलास ती दुपारची वेळ होती. मी ड्युटीवर होते. धावत आले तोवर खाली ॲम्ब्युलन्स होती आणि जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं होतं. वळेचना ते. शेवटी शेजाऱ्यांनी तुला परत खुर्चीतच बसवून उतरवलं. दवाखान्यात पोहोचायच्या आधीच सगळं संपलं होतं.

तुला सातपाटीला नेलं. माणसं किती जमली होती! तुझ्यासाठी बोटी थांबल्या होत्या. हरेश्वरकाका गर्दीतून पुढे आला. तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. एवढंच म्हणाला, "आता आनलंस?"

मी मान खाली घातली. त्यानंतर सातपाटीला पाऊल टाकलेलं नाही. पाऊण तासाचा रस्ता, पण पालघर आलं की पुढे जाता येत नाही. दोनदा स्टेशनवरून परत फिरले.

गेले आठ महिने मी काय करते, सांगू? ड्युटीवरून येते आणि तुझ्या पलंगावर बसते. त्रेचाळीस कॉप्या आहेत ना, हे मोजते. एखादी खराब झाली तर? म्हणून त्यांच्या आणखी कॉप्या काढते. माझा फोन भरला, निलेशचा लॅपटॉप भरला. मागच्या महिन्यात निलेशने पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावरची जागा बघितली. मी त्याच्या अंगावर गेले. तळमजला! तो आता मिळतोय! मी म्हणाले, ही खोली सोडून मी कुठेही येणार नाही. तो बिचारा काही बोलला नाही. माझ्या घरातली माणसं अशी गप्प का होतात, बाबा?

मागच्या आठवड्यात तुझ्या टॅबची बॅटरी फुगली आणि काच उचकटली. दुरुस्तीवाला म्हणाला, आत जे काही आहे ते लवकरात लवकर काढा. आम्ही नवा टॅब आणला, पण आधी सगळं उतरवून घ्यायला लॅपटॉपमध्ये जागाच नव्हती. निलेश हळूच म्हणाला, "शेवटच्या कॉपीत आधीचं सगळं आलंच की गं. ती ठेवू, बाकीच्या काढू."

"आणि त्यात काही राहून गेलेलं असलं तर?"

"मग एकेक उघडून बघ."

म्हणून आज सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलो. पहिल्यापासून. निलेश दाखवत होता, मी बघत होते.

पहिल्या कॉपीत एक करडी भिंत. तिसरीत दोन मजले. सहावीत मी निलेशचा हात धरला. ती आपली बिल्डिंग होती, बाबा! तीन मजले, वर आपली खोली, खिडकीला जाळी, आत लाल पलंग. समोर पाण्याची टाकीसुद्धा. आणि जिना नव्हता. आम्ही चारही बाजूंनी फिरून बघितलं. कुठूनच जिना नव्हता.

तुझं गाव पुसलं गेल्यावर तू पहिल्यांदा ही खोली बांधलीस.

पुढच्या कॉप्यांमध्ये बिल्डिंग तशीच उभी, आणि लांब, फार लांब, खाडीचं पाणी दिसायला लागलं. मग धक्का. विसाव्या कॉपीत बिल्डिंगचं छप्पर नव्हतं. मी घाबरले, म्हटलं फाइल खराब झाली. पुढची उघडली, त्यात जाळी नव्हती. मग एक भिंत गेली. मग तिसरा मजलाच गेला. तिकडे घरं वाढत होती आणि इकडे बिल्डिंग उतरत होती, दर रविवारी थोडी थोडी.

मी निलेशला विचारलं, "धक्क्यासाठी दगड हवा म्हणून तोडली असेल का त्यांनी?"

तो म्हणाला, "यात दगड संपतच नाहीत गं. त्यांना तोडायची काही गरज नव्हती."

एका अंगठ्याने, एकेक ठोकळा दाबून धरून, तू तेवीस आठवडे ती बिल्डिंग पाडत होतास. माझ्यापासून चार हातांवर बसून! त्रेचाळिसाव्या कॉपीत तिच्या जागी नुसतं गवत होतं.

आणि मी काय जपत बसले होते? तू तिसऱ्या मजल्यावर अडकलेला होतास, ते रविवार. प्रत्येकाच्या तीन तीन कॉप्या काढून.

मग मी बेचाळीस पुसल्या. सगळीकडून. "कायमचं पुसायचं का?" दर वेळी स्क्रीनने विचारलं आणि दर वेळी मी नीट वाचून "हो" दाबलं. निलेश म्हणाला, "मी करू का?" मी म्हणाले, "नको. हे मलाच करू दे."

शेवटची ठेवलीय. तिचं नावही बदललं, "सातपाटी". तू त्यात धक्क्याच्या टोकाशी उभा आहेस. बटणं तू डाव्या हाताला लावून घेतली होतीस, मला ते कुठे ठाऊक! मी तुला दोन पावलं चालवलं आणि तू धप्पकन खाडीत. निलेश हसला. मग मीही हसले बाबा. आठ महिन्यांनी.

तू मला माफ केलंस, असं समजू का? नाही, तसं नाही समजत. जगातून खोली काढून टाकलीस म्हणून ती नव्हती असं होत नाही. मी अजून याच पलंगावर बसलेय, समोर तीच टाकी आहे, आणि उठायला मला अजून जड जातंय.

पण एक शब्द देते. येत्या रविवारी मी पालघरला उतरून परत फिरणार नाही. हरेश्वरकाकाच्या दारात जाईन आणि त्याला सांगेन, की बाबाने मला विचारलं होतं, आणि मी त्याला आणलं नाही. सुट्टीचं, पावसाचं, जिन्याचं काही पुढे करणार नाही. तो घरात घेवो की न घेवो, सांगून झाल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.

तुझी लेक,
शेवंती