फोनवर तू नव्हतीस

धाकटे,

तू आंघोळीला गेलीस आणि तुझा मोबाइल वाजला, म्हणून मी उचलला. सरांचा होता. कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली खडकात कोंडून ठेवायच्या संशोधनाची ती एकच जागा, जिच्यासाठी आपण दोघींनी अर्ज केला होता, ती तुला मिळाली.

फोनवर आपले आवाज आईलाही ओळखू येत नाहीत, तिथे सरांची काय कथा! ते "अभिनंदन" म्हणाले आणि मी "थँक्यू सर" म्हणून बसले. मग ते लॅब, पंप, दोन किलोमीटर खोलवरचे नमुने असं सगळं सांगत राहिले. मी आपली हो ला हो करत गेले. खडक ओळखायला तुला मी शिकवलं, आणि जागा तुला! पोटात दुखतंय माझ्या, लपवत नाही.

दूध तापवलंय. तुझा खडकाचा नमुना सुकत होता, त्यावरचं फडकं ओलं करून ठेवलंय. मी बाहेर पडतेय. तुझा हसरा चेहरा आत्ता मला बघवणार नाही.

"रुजू होणार ना?" असं सरांनी विचारलं, तेव्हा मी "एका पायावर" म्हणाले. तुला जायचं नसेल तर पाचच्या आत, सर नाव पक्कं करायच्या आधी, तूच त्यांना कळव. माझ्या तोंडून 'नाही' निघायचं नाही.

ताई