घणाच्या दांड्यावरचा बिल्ला

प्रिय ठकू,

तू पाठवलेला अहवाल वाचला. सगळा नाही. गाळातलं शिसं, गाड्यांचा धूर, सांडपाण्याचा हिशोब ही प्रकरणं माझ्या डोक्यावरून गेली, आणि पक्ष्यांच्या यादीत मला चक्क डुलकी लागली. पण पान एकेचाळीस मी सात वेळा वाचलं. प्रदर्शन केंद्राची दोन नवी दालनं पाण्यावर उभी राहणार, त्यासाठी तीनशे दहा लोखंडी खांब तळात ठोकणार, आणि त्या ठोकण्याचा पाण्यातल्या जिवांवर ‘नगण्य व तात्पुरता’ परिणाम होणार, असं तिथे म्हटलं आहे. शुक्रवारी तू त्याखाली सही करणार. तुझे साहेब त्या सहीसाठी तुझ्या मानगुटीवर बसलेत, हेही मला ठाऊक आहे. मला त्या पानाबद्दल बोलायचं आहे आणि ते फोनवर जमणार नाही. फोनवर मी एकदा बोललो आणि खोटं बोललो.

तुला आठवत असेल, महिन्यापूर्वी तू विचारलं होतंस. पहिलं केंद्र बांधलं तेव्हाच्या नोंदी सापडत नाहीत, पण बाबा, घणावर तर तुम्हीच होतात, ठोकताना पाण्यात नक्की काय व्हायचं? मी म्हणालो, काही नाही गं, मासे दोन दिवस लांब जातात आणि परत येतात. तुझी आई म्हणते मला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. त्या दिवशी सोयीचं तेवढंच बोलताही आलं. आता पाहतो तर तू ते छापलंस. ‘पहिल्या बांधकामावरील घणचालकाने दिलेल्या माहितीनुसार.’ साऱ्या जन्मात माझं म्हणणं कुणी कागदावर घेतलं नव्हतं, घेतलं ते हे. आणि याच पानाच्या जोरावर तू मागच्या सुनावणीत कोळ्यांसमोर उभी राहिलीस. त्यांनी खुर्च्या फेकल्या, तुझा दंड काळानिळा झाला, आणि मी टीव्हीसमोर बसून त्यांना शिव्या घालत होतो. ते खरं बोलत होते.

घण म्हणजे काय ते तुला सांगतो, तुमच्या डेसिबलच्या तक्त्यात ते दिसत नाही. मी दांडा ओढला की चार टनांचं लोखंड वर जायचं, खाली यायचं, आत डिझेलचा स्फोट व्हायचा आणि पुन्हा वर. मिनिटाला चाळीस ठोके. तराफ्यावर उभ्या माणसाच्या दाढा दुखायच्या. माझा उजवा कान त्यातच गेला. हे झालं हवेत. पाणी आवाजाला हवेसारखं जिरवत नाही, जसाच्या तसा पुढे ढकलतं. पहिल्या दिवशी वीस ठोक्यांत मासे उलटे होऊन वर आले. बाहेरून धडधाकट, खवला हललेला नाही. एक चिरून पाहिला तर आत नुसतं रक्ताचं पिठलं. आम्ही हसलो. जाळं न टाकता मासळी मिळतेय म्हणून बादल्या भरून घरी नेली. मीही नेली. तेव्हा मी तिशीतला होतो, अंगात रग होती, आणि एवढ्या मोठ्या लोखंडाचा दांडा आपल्या मुठीत आहे याची मला मस्ती चढली होती. तुला खोटं कशाला सांगू, मला तो घण फार आवडायचा.

त्या कामावर पाणबुड्या होता तुझा मामा. सगळे त्याला पाणकावळा म्हणायचे. हडकुळा, काळा, लांब मानेचा, आणि पाण्यातून आला की तसाच हात पसरून उन्हात उभा राहायचा. नोकरी मीच लावून दिली होती. तू पाच वर्षांची होतीस. तुला खांद्यावर बसवून तो धक्क्याच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तुझी आई मागून ओरडायची. कामात मात्र तो काटेकोर. आमच्यात एक रीत होती. पाण्यात उतरण्याआधी पाणबुड्याने आपला पितळी बिल्ला माझ्या घणाच्या दांड्यावर अडकवायचा. बिल्ला दांड्यावर म्हणजे माणूस पाण्यात. वर आला की त्यानेच येऊन तो काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ना पावती, ना वही. तीन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

भांडण लागलं ते माशांवरून. केंद्राच्या उद्‌घाटनाची तारीख जाहीर झाली होती आणि आमचे साठ खांब बाकी होते. मामाने वर अर्ज दिला. पहिले दहा ठोके हलके द्यावेत म्हणजे माशांना पळायला वेळ मिळेल, दिवसातून दोन तास घण बंद ठेवावा, आणि दुसऱ्या तराफ्यावर ठोकाठोकी चालू असताना पाणबुड्याला कुठेच उतरवू नये, कारण त्याच्या कानातून रक्त येतं. नुसता अर्ज देऊन थांबला नाही. मेलेल्या माशांची बादली त्याने आमच्या तेव्हाच्या साहेबांच्या टेबलावर, नकाशांवर उपडी केली. साहेबांनी मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर झाडलं. तुझा मेहुणा तुला आवरत नाही, तू काय घण आवरणार, म्हणाले. मुख्य चालकाची जागा मला मिळणार होती, ती त्याच दिवशी दुसऱ्याला दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यातून वर आला आणि कपडे बदलायच्या पत्र्याच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो आणि दाराला आतून कडी घातली. त्याने टॉवेल डोक्यावर घेतलेला असतानाच मी पहिला ठोसा मारला. मुठीत पान्हा होता. त्याचे दोन दात तुटले आणि ओठ फाटून खाली लोंबला. तो हडकुळा असला तरी लेचापेचा नव्हता. त्याने माझ्या अंगठ्याचा लचका तोडला. हा व्रण तू लहानपणी बोट फिरवून विचारायचीस आणि मी कुत्रा चावला म्हणायचो. मी त्याचं डोकं धरून पत्र्यावर आपटलं, एकदा नाही, किती वेळा ते सांगता येणार नाही. बाहेरच्यांनी दार तोडलं म्हणून तो तेव्हा वाचला. मला तिघांनी धरलं होतं. तो रक्त थुंकला आणि म्हणाला, ताईला यातलं काही सांगू नकोस. बस, एवढंच. माझ्याशी बोललेलं हे त्याचं शेवटचं.

तासाभराने मी घणावर गेलो. बिल्ला दांड्यावर होता. मला वाटलं, सकाळचाच आहे. वर आला तो सरळ खोलीत गेला, मी तिथेच त्याला गाठलं, काढायचा राहिला असेल. किंवा मुद्दाम ठेवला असेल, माझं तोंड पाहायला नको म्हणून. नंतर कळलं, सकाळी तो त्याने काढला होता, आणि तोंडाला फडकं बांधून पुन्हा उतरताना पुन्हा अडकवला होता. फुटलेल्या तोंडाने तो कामावर परत जाईल, हे माझ्या मनातच आलं नाही. मी असतो तर घरी गेलो असतो. त्याची दोरी धरणारा गडी तराफ्याच्या पलीकडच्या कडेला होता. त्याला एक हाक मारली असती तरी कळलं असतं. मारली नाही. बिल्ला काढला, फळ्यांवर फेकला आणि दांडा ओढला. एकेक ठोका त्याच्या टाळक्यात बसतोय असं समजून मी देत होतो, ठकू. दात खाऊन, मनातल्या मनात शिव्या हासडत. दोरीवाल्याने धावत येऊन माझ्या पाठीत फळी घातली तेव्हा मी थांबलो. एकोणीस झाले होते. मामा त्याच खांबाच्या बुडाशी सांधा तपासत होता. त्याला वर घेतलं तेव्हा अंगावर सकाळच्या मारापलीकडे एक ओरखडा नव्हता, फक्त नाकाकानांतून रक्त वाहत होतं. आत काय झालं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी मासे चिरून पाहिले होते.

पुढचं तुला माहीत आहे ते सगळं रचलेलं आहे. साहेबांनी त्याच्या कपाटातून बाटली काढून दाखवली. ती कुणी ठेवली ते मी पाहिलं होतं. दारूच्या नशेत खोलीत पडला, तोंड फोडून घेतलं, तसाच उतरला आणि बुडाला, असा कागद तयार झाला. साक्षीदार म्हणून मी सही केली. दोरीवाल्याची दुसऱ्या गावी बदली झाली. मला तुरुंगाची भीती होती, घरी तू होतीस, ही कारणं मी तीस वर्षं उगाळतोय, आता ती झिजून गेलीत. तुझ्या आईने भावाचं नाव टाकलं. त्याचा फोटो फाडला. तू कॉलेजातल्या पार्टीहून पहिल्यांदा उशिरा आलीस आणि तोंडाला वास आला, तेव्हा मामाच्या वळणावर जातेस का म्हणत तिने तुझ्या कानाखाली अशी मारली की तुझ्या कानातली रिंग तुटली. मी दारात उभा होतो. आणि आता तुझ्याच पान एकेचाळीसवर, शेवटून तिसऱ्या ओळीत, ‘पहिल्या बांधकामात एका पाणबुड्याचा मृत्यू झाला; कारण मद्यप्राशन; ठोकण्याच्या आवाजाशी संबंध आढळत नाही.’ सख्ख्या मामाबद्दल हे लिहायची वेळ तुझ्यावर आली. जुन्या कागदावर होतं तेच तू उतरवलंस. त्या कागदावर माझी सही आहे.

आज सकाळी मी हे तुझ्या आईला सांगितलं. तिने हाताशी होती ती इस्त्री उचलून मला मारली, आणि मी पडल्यावर पुन्हा मारली. कपाळाला सहा टाके आहेत, डावा डोळा बंद आहे, शेजारच्या डॉक्टरांना मी जिन्यावरून पडलो म्हणालो. हे माझं शेवटचं खोटं. मग ती जमिनीवर बसली आणि तिने एकच विचारलं, त्याच्या तोंडाला वास येत होता का? मी म्हणालो, नाही. ती अजून तिथेच बसली आहे. ठकू, मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते मागायची माझी लायकी नाही. मला तुझ्याकडून फक्त ते पान हवं आहे. घणचालकाने दिलेली माहिती खोटी होती असं लिही. ‘नगण्य’ खोड. पाणबुड्या शुद्धीत होता, घण चालू असताना पाण्यात होता आणि एकोणीस ठोक्यांत मेला असं लिही, आणि दांडा कुणी ओढला तिथे माझं पूर्ण नाव घाल, खाली पत्ता घाल, म्हणजे पोलिसांना शोधावं लागणार नाही. गुरुवारच्या सुनावणीत मी पहिल्या रांगेत असेन. तू वाचून दाखवशील तेव्हा उभा राहीन. कोळ्यांनी खुर्च्या फेकल्या तर या वेळी त्या कुणाला लागायला हव्यात, ते त्यांना दिसेल. वाचताना आवाज चढव, मला डाव्या कानानेच ऐकू येतं. मामा असा उल्लेख केलास तरी चालेल, पण बाबा म्हणू नकोस, नाहीतर तुझ्याच्याने पुढचं वाचवणार नाही.

ठेवशील तर तुझाच,
बाबा