गरम हवा बाहेर कुठून जाणार

बाबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण अजून कुठलंही मशीन दिसलं की मी आधी त्याच्या मागे हात धरते. गरम हवा बाहेर येते का बघते. ऑफिसातल्या मुली हसतात. हे मला तुम्ही शिकवलंत, आणि शिकवत होतात तेव्हा मी तुमचं धड ऐकूनही घेतलं नव्हतं, हे त्यांना काय सांगू?

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. ठाकुर्लीच्या आपल्या दोन खोल्यांत कॉम्प्युटर येणार म्हणून आईने टेबलापुरती जागा कितीतरी आधीच मोकळी करून ठेवलेली. तुम्हाला वाटत होतं, पोरीच्या अभ्यासाला मशीन येतंय. मला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता. मैत्रिणीकडे एकदा खेळले होते आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नव्हता. वहीच्या मागच्या पानावर मी पार्टांची यादी करायचे, खोडायचे, पुन्हा करायचे. प्रोसेसर स्वस्तातला घ्यायचा आणि बोर्डावरचा जंपर नावाचा चिमुकला जोड बदलून त्याचा वेग वाढवायचा, ही कॉलेजातल्या पोरांची युक्ती. शेवटी गाडी एकाच ठिकाणी अडली. दोन पंख्यांचा मोठा कॅबिनेट, म्हणजे मशीनचा पत्र्याचा खोका, घ्यायचा, की गेमसाठी लागणारं थ्रीडी कार्ड? आपल्या बजेटमध्ये दोन्ही बसत नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं, कार्डाशिवाय कॉलेजची ड्रॉइंग उघडतच नाहीत. साफ खोटं होतं ते. तुम्ही म्हणालात, "मग कार्ड घेऊया. अभ्यासाला कमी नको पडायला."

डोंबिवलीला स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर ते दुकान. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तुम्ही तसेच आलेलात, शर्टाला तेलाचा वास. तुमचं काम भट्टीवरचं. लालबुंद झालेले गिअर चिमट्याने बाहेर काढून तेलाच्या टाकीत बुडवायचे, म्हणजे पोलाद कडक होतं. जन्मभर तुम्ही तापलेल्या वस्तू थंड करत आलात, आणि तुमच्यासमोर मी अक्कल पाजळत होते. दुकानदाराने कॅबिनेट उघडून काउंटरवर ठेवला होता. तुम्ही वाकून आत बघितलंत आणि बोटाने हवेत एक रेघ ओढलीत.

"हवा इथून आत येणार, बरोबर. पण गरम झालेली बाहेर कुठून जाणार?"

"काका, टेन्शन नका घेऊ. प्रोसेसरवर पंखा आहे ना."

"तो तीच हवा आतल्या आत फिरवणार हो. आणि ही म्हणते वेग वाढवायचा. म्हणजे ओव्हरलोडवरच चालवायचं की."

दुकानदार हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, ही तुमची भट्टी नाहीये. तुम्हाला नाही कळत यातलं. गप्प बसा ना प्लीज." तुम्ही हात मागे घेऊन दाराशी जाऊन उभे राहिलात. घरी येताना रिक्षात मॉनिटरचा खोका मात्र तुम्हीच मांडीवर धरलात, खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून.

मे महिन्यात मशीन बंद पडायला लागलं. गाडी तिसऱ्या वळणावर आली की स्क्रीन गोठायचा. मी म्हणायचे व्हायरस आहे. चार-पाच दिवस तुम्ही नुसतं बघितलंत. मग एका रविवारी सकाळी तुम्ही देवघरातून पेटती उदबत्ती घेऊन येता आणि कॅबिनेटच्या फटीशी धरता. धूर आत जातो आणि तिथेच घुटमळत राहतो. आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, देवाची उदबत्ती मशीनला काय ओवाळताय?" तुम्ही म्हणता, "अगं, ताप आलाय त्याला." सोमवारी तुम्ही कॅबिनेटचा बाजूचा पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळून कामावर नेलात. भंगारात निघालेला एक पंखा मालकाला विचारून घेतलात, पत्र्याला गोल भोक पाडून तो बसवलात, आणि माझा हात कापू नये म्हणून कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्यात. पंख्याला वेगळा स्विच, वर अर्थिंगची तार. पुन्हा उदबत्ती लावलीत. या वेळी धूर समोरून आत गेला आणि बाजूने जो निघाला तो थेट आईच्या तोंडावर. आपण तिघंही पोट धरून हसलो. त्यानंतर मशीन कधी गोठलं नाही. तुम्ही माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसायचात, वळण आलं की स्वतःच एका बाजूला कलायचात, आणि म्हणायचात, "अभ्यास जोरात चाललाय." तुम्हाला सगळं कळलेलं होतं.

खोकला तुम्हाला आधीपासूनच होता, पावसाळ्यात तो वाढला. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तुम्ही घडी घातलेला कागद घेऊन माझ्यापाशी आलात. कारखान्यात तेलाच्या टाकीवरचा धूर खेचणारा मोठा पंखा कित्येक महिने बंद होता, मालक नुसतं बघतो बघतो म्हणत होता. भट्टीवरच्या नऊ जणांनी मिळून अर्ज द्यायचं ठरवलेलं. हाताने लिहिलेला मालक वाचायचा नाही. "मुद्दे मी लिहिलेत. तू इंग्रजी कर, टाइप कर, आणि कॉलेजजवळ प्रिंट काढून आण. सह्या आम्ही करतो." मी नुकतीच शर्यत सुरू केलेली. मान वर न करता म्हणाले, "बाबा, मशीन तापलंय. उद्या करते."

तुम्ही पत्र्यावर तळहात ठेवलात. तो गार होता. ते तुम्हाला कळलं नसेल असं मी स्वतःला कितीदा समजावलं, पण ज्याला भट्टीचा रंग बघून उष्णता सांगता येते, त्याला गार पत्रा कळणार नाही? "बरं, उद्या," म्हणालात, कागद कीबोर्डखाली सरकवलात आणि हातपाय धुवायला गेलात. दुसऱ्या दिवशी माझं सबमिशन निघालं, मग परीक्षा. तुम्ही आणखी एकदाच विचारलंत, नंतर नाही. मला वाटलं, झालं असेल त्यांचं काहीतरी.

दोन वर्षांनी ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "धुरात काम होतं का यांचं?" आई हो म्हणाली. मी फरशीकडे बघत राहिले. तुम्ही गेल्यावर तुमचं सामान आणायला मी पहिल्यांदा तुमच्या कारखान्यात पाऊल ठेवलं. टाकीजवळ दहा मिनिटं उभी राहिले तर डोळे चुरचुरायला लागले, घसा धरला. छपराखाली तो पंखा होता, पात्यांवर तेलाचा काळा थर, फिरत नव्हता. तुमच्या जोडीचे काका तुमचा डबा आणि चप्पल पिशवीत भरून देत म्हणाले, "तुझे बाबा सांगायचे, पोरगी अर्ज करून देणारे, तिला जरा सवड मिळू दे." मी पिशवी घेतली आणि थँक्यू म्हणाले. थँक्यू!

अर्जाने तो पंखा फिरला असता का, मला माहीत नाही. मालकाने अर्ज कचऱ्यात टाकलाही असता. पण तुम्ही नऊ जणांना माझा शब्द देऊन ठेवला होता, आणि रोज त्यांच्यासमोर मला सांभाळून घेत होतात. त्याची मला फार लाज वाटते, बाबा, आणि ती कमी होत नाही.

आईला मी हे कधी सांगितलेलं नाही. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही म्हणूनच इतकं लिहू शकले. एक गोष्ट मात्र राहिली. परवा दुपारी घरात कुणी नसताना मी तो अर्ज टाइप केला. त्या कागदावरचे तुमचे चारही मुद्दे मला पाठ आहेत. नीट इंग्रजी केलं, खाली नऊ सह्यांना जागा सोडली, आणि मग घड्याळ बघितलं. सात मिनिटं लागली होती.