गुंगीत टाकलेलं दुकान

ती. मामांना आणि मामींना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे ठीक आहेत, मी सोडून. डाव्या गालात अजून एक गाल मावेल एवढी सूज आहे, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

अक्कलदाढ आडवी उगवली होती. ती काढण्यासाठी दातांच्या डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन ठरवलं आणि रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही असं बजावलं. मी ते तंतोतंत पाळलं. (थुंकी गिळलेली चालते का, हेसुद्धा फोन करून विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "दादा, गिळा.") पण निघताना आईने चहाचा कप पुढे केला. "चहा म्हणजे काय खाणं आहे का? रिकाम्या पोटी सुई घेतं का कुणी?" तिचे डोळे भरून आले म्हणून दोन घोट घेतले आणि दवाखान्यात विचारल्यावर खरं सांगितलं. त्यांनी परत पाठवलं. आई अजून म्हणते, एवढं खोटं बोलता येईना तुला.

दुसऱ्या खेपेला आईला न उठवताच निघालो. पण घरी आणून सोडायला जबाबदार माणूस बरोबर असल्याशिवाय डॉक्टर सुईला हात लावत नाहीत, आणि बाबांना ड्यूटी होती. तेव्हा आमच्या सोफ्याच्या कारखान्याचे मालक म्हणाले, मी येतो. मला भरून आलं. (गुंगीत माणूस बडबडतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.)

त्या दिवशी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून घरी आल्यावर सूप हवं की आइस्क्रीम, हेही मी आईवर सोपवलं. तिने पंखा लावू का विचारलं, तर आज मला काही विचारू नकोस म्हणालो. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी येताना टॅक्सीतच मालकांना सांगून बसलो होतो.

कामावर गेलो तेव्हा मालकांनी स्वतः स्टूल पुसून दिलं. म्हणाले, "काय रे, नव्या सोफ्यात मी जुना स्पंज कोंबतो, म्हणून तू मामांच्या पुढच्या खोलीत स्वतःचं दुकान टाकणार? मामांनी किल्लीसुद्धा दिली म्हणे. दाढ आधीच काढायला हवी होती तुझी." मला वाटलं, आता हिशेब करून घरी पाठवतील. त्याऐवजी म्हणाले, "मला भागीदार घे. इथलं भाडं मलाही झेपत नाही. आणि थापा मारल्या असशील तर उद्यापासून दुसरा कारागीर बघतो."

मामा, हे मनात घोळत होतं एवढं खरं. तोंडातून कधी काढलं नव्हतं. आता खोटं होतं म्हणालो तर माझी नोकरी जाते, आणि खरं म्हणालो तर तुमची खोली. सुजेने तोंड उघडत नव्हतं, म्हणून नुसतं "हं" म्हणालो. त्यांनी तो होकार धरला.

मामींना सांभाळा.

तुमचा भाचा

ता. क. खोली द्याल का? कोपऱ्यातल्या मामींच्या पलंगाला हात लावणार नाही. स्पंज नवाच वापरू.

ता. क. आणखी एक. नाही म्हणायचं असेल तर मालकांना तुम्हीच समोरासमोर सांगा. रविवारी ते माप घ्यायला टेप घेऊन तुमच्याकडे येत आहेत. पत्ता मीच दिला, मजल्यासकट. एवढ्या गुंगीत होतो, पण त्यात एक चूक नाही.