दोन्ही हात मोकळे

प्रिय भोवऱ्या,

तू पाचवीत गेलास तेव्हापासून हे नाव मी चारचौघांत घेत नाही. आज मुद्दाम घेते आहे, कारण निवडणुकीच्या भित्तिपत्रकावरच्या त्या गृहस्थाला पत्र लिहायची माझी इच्छा नाही. हनुवटीला हात लावून तू वर कुठेतरी बघतो आहेस, खाली छापलंय 'तुमचा आवाज'. मला तर दाढ दुखणारा माणूस दिसला. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळू लागला आहे आणि माझ्या चष्म्याची एक दांडी मोडली आहे. दोऱ्याने बांधून हे लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. दांडी कशी मोडली ते पुढे येईलच.

परवा तुझ्या भाषणाला ये म्हणालास म्हणून आले. पुढे बसू नकोस, लोक हसतील, असंही म्हणालास, म्हणून मागे बसले. सभागृह चांगलं आहे, खुर्च्या मात्र गुडघ्यांच्या वैरी आहेत. विद्यापीठाच्या समितीवर संशोधक विद्यार्थ्यांची एकच जागा, आणि त्या जागेसाठी तू आणि तुमच्यातलीच एक मुलगी, असे दोघेच उभे, हे मला तिथे कळलं. तू सांगितलं नव्हतंस. तू छान बोललास. कॉफीचं यंत्र, परिषदांना जायचा प्रवासखर्च, रात्री उघडी प्रयोगशाळा. तुझं जाकीट मी इस्त्री केलं होतं, तेही छान दिसत होतं. मग ती उठली. तिने एकच मागणी मांडली: मूल झालेल्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी वर्षभराची मुदत वाढवून मिळावी, आज ती मिळत नाही आणि मुली निमूटपणे सोडून जातात. तिला भाषण करता येत नाही. मान वर न करता कागदावरून वाचत होती. पण बोलली ते खरं होतं, आणि सभागृह ऐकत होतं. तू शेजारच्या चष्मेवाल्या मित्राकडे पाहिलंस, तेही मी पाहिलं. मागे बसण्याचा हा फायदा.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा होता. रुग्णालयातून रात्रपाळी करून थेट आला होता बिचारा, बसल्या बसल्या मान टाकून झोपला. त्याच्या मांडीवरचं मूल घसरत घसरत माझ्याकडे आलं. परक्या माणसाचं त्याला काही नाही. माझ्या मांडीवर उभं राहून त्याने चष्मा ओढला आणि दांडी चावायला घेतली. मी मोडेपर्यंत चावू दिली. तर असं ते मूल माझ्या मांडीवर असताना तुझा चष्मेवाला प्रश्न विचारायला उठला.

आवाजात काय माया होती त्याच्या! तुमच्या तब्येतीची आम्हाला काळजी वाटते म्हणून विचारतो, अशी सुरुवात. आणि मग मोबाइलवरून वाचल्यासारखा म्हणाला, "एक हात पाळण्याच्या दोरीवर आणि एक हात समितीच्या टेबलावर, असं काम होत नसतं, ताई. बैठकीच्या दिवशी बाळाकडे कोण बघणार?" ती गोंधळली. घरात दुसरं कोणी नाही, काहीतरी करू, असं काहीसं पुटपुटली. त्यावर पहिल्या चार रांगा हसल्या. शिकलेली माणसं हसतात तशी, तोंडावर हात धरून. तू हसला नाहीस. तू खाली मान घालून अगदी गंभीर झालास, आणि मला त्या हसणाऱ्यांपेक्षा तुझ्या त्या गंभीर चेहऱ्याची शिसारी आली.

पायऱ्यांवर तू मला विचारलंस, कसं झालं. मी त्या प्रश्नाबद्दल बोलले तर म्हणालास, "मी कुठे काय म्हटलं? प्रश्न त्याने विचारला. हे राजकारण आहे आई, मनाला नको लावून घेऊस." मी बस पकडून घरी आले. तुला वाटलं असेल, म्हातारीचे गुडघे दुखले.

आता आठव. तुला संशोधनाला प्रवेश मिळाला त्या दिवशी आपण दोघं जेवत होतो, आणि तू विचारलंस की तूही सुरू केलं होतंस ना, मग शाळेत शिकवायला का गेलीस. मी ते कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या बाबांनाही 'कंटाळा आला' एवढंच सांगितलं होतं. तुला सांगितलं. माझ्या मार्गदर्शकांनी सगळ्यांच्या देखत, अशाच मायेने, म्हटलं होतं, "एक हात पाळण्याच्या दोरीवर आणि एक हात सूक्ष्मदर्शकावर, असं काम होत नसतं, बाई." तेव्हाही लोक हसले होते. पाळण्यात तू होतास. हे ऐकून तुझा घास हातातच राहिला होता. त्या माणसाचं थोबाड फोडायला हवं होतं, असं तू म्हणालास, आणि मला वाटलं, चला, वाया नाही गेलं सगळं.

तेव्हा हसलेले कुठल्या कुठे पांगले; परवाच्या त्या सभागृहात ते वाक्य मी आणि तू, एवढ्या दोघांनाच माहीत होतं. तो म्हातारा मार्गदर्शकही कधीच गेला. तू त्यातला सूक्ष्मदर्शक काढून टेबल घातलंस आणि मित्राच्या हातात दिलंस. मी सभागृहात बसले आहे हे ठाऊक असताना दिलंस. मला दुखवायचं म्हणून दिलं असतंस तर मी समजू शकले असते. आई-मुलांत तेही होतं. पण तसंही नाही. तुला ते कुठून आलं हेच आठवलं नसणार. धारदार वाक्य डोक्यात होतं, वेळेला सापडलं, वापरलंस. माझं आयुष्य तुझ्याकडे सुटे भाग म्हणून पडलेलं आहे.

माघार घे, माफी माग, असलं काही सांगायला हे पत्र नाही. तू मोठा आहेस, तुझं तू बघ. पत्र यासाठी की पुढची गोष्ट तुला चष्मेवाल्याकडून कळू नये. काल मी त्या मुलीच्या घरी गेले होते. दार उघडून ती बघतच राहिली. म्हणाली, "तुम्ही त्यांच्या आई ना?" मी म्हटलं, "हो, म्हणूनच आले." सोमवारी मतदानाच्या दिवशी तिचं मूल माझ्याकडे असेल. ती निवडून आली तर प्रत्येक बैठकीला, आणि पडली तरी प्रबंध पुरा होईपर्यंत, जेव्हा लागेल तेव्हा. तिला वाटलं मी तुझ्या वतीने प्रायश्चित्त घ्यायला आले आहे. तसं काही नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. माझ्या वेळी 'बाळ मी सांभाळते' असं मला कुणी म्हटलं असतं तर मी संशोधन सोडलं नसतं, एवढंच. तेव्हा सोमवारी कुणी पुन्हा विचारलं की बाळाकडे कोण बघणार, तर उत्तर तुला ठाऊक आहे. ते तू मोठ्याने देतोस की तुझी आई कोण हे लपवतोस, ते मी पाहणार आहे. माझं तिथे मत नाही. हात आहेत, आणि आता दोन्ही मोकळे आहेत.

जाकीट धुवायला टाक, कॉलर मळली आहे.

तुझीच, कारण ते काही आता बदलता येत नाही,
आई