सातवा नियम

डिकोरा, आयोवा
२३ जुलै १९८५

ति. अर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

माणसाच्या मूलभूत हक्कांवर आजवर पुष्कळ आघात झाले. काल त्यांत एकाची भर पडली. त्याची कुठेतरी नोंद व्हावी म्हणून हे पत्र. डेल्बर्ट नुटसनने त्याच्या गाडीत उकडलेली अंडी आणायला मला मनाई केली आहे.

ला क्रॉसच्या पटावरच्या खेळांच्या मेळ्याचे चार दिवस मी दोन डझन अंडी, दोन पाव आणि पीनट बटरची एक बरणी यांवर काढणार होतो. डेल्बर्ट म्हणतो, ऑगस्टच्या उन्हात बंद गाडीत दीड तास तो वास घेण्यापेक्षा मी तुला पाठुंगळी मारून नेईन. वरवर विनोद. पण मी विचार केला, हा माणूस तीस वर्षं शाळेची बस चालवतो, त्याच्या नाकाने काय काय सोसलं नसेल? मग माझ्याच अंड्यांचं वावडं का? मी उपाशी असावा, माझं लक्ष पोटात असावं आणि पटावर नसावं, हा तर डाव नाही?

तू हसशील. पण रस्ते खात्याने मला अर्ध्या वेळेवर आणलं आहे (काउंटीचे नकाशे काढायला आता म्हणे अर्धाच माणूस पुरतो), आणि माझी गाडी तर गॅरेजवाल्यानेही पाहायची सोडली आहे. त्यामुळे मेळ्याला जायचं ते डेल्बर्टच्या गाडीतून, राहायचं ते कॉलेजच्या वसतिगृहात डेल्बर्टच्याच खोलीत. अकरा हिवाळे घालून केलेला, नदीतून ओंडके गिरणीला नेण्याचा माझा 'ओंडकाकोंडी' खेळ मी अशा रीतीने त्याच्या उशाशी ठेवणार आहे. आठवतं ना, त्याने तो माझ्या स्वयंपाकघरात खेळून पाहिला, आणि आठ महिन्यांत शिकागोच्या कुणीतरी नदीवरचाच खेळ बाजारात आणला?

यंदा मिल्वॉकीहून श्रीमती क्विस्ट येणार आहेत. पटावरचे खेळ छापतात. नवख्यांचे सहा खेळ बघणार, त्यांतले तीन घेणार. मी त्रेपन्न वर्षांचा आहे ताई. पुढचे अकरा हिवाळे माझ्याकडे आहेत की नाहीत, हे मला ठाऊक नाही. सोबतचे नियम तुझ्या मशीनवर टाईप करून दे. कुणाला दाखवू नकोस.

लोभ आहे, हे मी गृहीत धरतो. नसल्यास टाईप झाल्यावर कळव.
तुझा,
व्हर्लिन


ओ क्लेअर, विस्कॉन्सिन
३० जुलै

चि. व्हर्लिनास,
त्रेपन्नाव्या वर्षीही लागत असतील तर अनेक आशीर्वाद.

नियम टाईप केले, सोबत आहेत. कुणाला दाखवले नाहीत. आमच्या मांजराने तिसऱ्या पानावर पाय दिला आहे, त्याच्यावर नजर ठेवून आहे.

शिकागोच्या त्या खेळात वाफेच्या बोटी आणि कापूस आहे. तुझ्यात लाकडाचे ओंडके आणि गिरण्या. दोन्हींत पाणी आहे, एवढ्यावरून डेल्बर्टला चोर ठरवायचं तर उद्या मासेही तुझ्यावर दावा लावतील. जो माणूस पेट्रोलचा अर्धाच वाटा मागतो आणि खोलीचा मागतच नाही, त्याच्यावर संशय घ्यायला छाती लागते. ती तुझ्याकडे आहे, आपल्या बाबांकडूनच आलेली.

एक विचारते. सातवा नियम असाच आहे का? 'कोणाचाही ओंडका गिरणीला लागला, की पटावरच्या इतर सर्व ओंडक्यांनी एक वळण मागे जावं.' मी चहा पिता पिता सुपारीएवढी सहा बटणं मांडून बघितलं. खेळ संपत नाही. चहा संपला.

अंडी घरीच खाऊन जा. आणि जेवत जा. माया आहे, ती नियमांच्या कागदात मावली नाही.
ताई


डिकोरा
५ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. आणि मांजराला समज.

तुझी शंका वाचून मला धन्य वाटलं. सातवा नियम खोटा आहे! माझ्या धंद्यातली जुनी युक्ती. नकाशा काढणारा एखादी नसलेली गल्ली हळूच घालून ठेवतो. दुसऱ्याच्या नकाशात तीच गल्ली उगवली, की चोर सापडला. एकाहत्तर साली मी काउंटीच्या नकाशात आपल्या जेर्डामावशीच्या नावाची गल्ली घातली होती. दोन वर्षांनी एका छापखान्याच्या नकाशात मावशी जशीच्या तशी निघाली. खऱ्या आयुष्यात ती कधी कुणाला रस्ता देत नव्हती, हा भाग वेगळा.

तर डेल्बर्टने कागद चोरला, की त्याच्या हाती सातवा नियम लागेल. मी खेळताना तो कधीच पाळत नाही. श्रीमती क्विस्टना कागद देताना मी कानात सांगीन, की तेवढा सोडून द्या.

प्रेम राहू दे. शंका मी सांभाळतो.
व्हर्लिन


ओ क्लेअर
८ ऑगस्ट

व्हर्लिन,
मायना घालायला वेळ नाही, टपाल निघतंय. तो नियम काढून टाक. नकाशातल्या खोट्या गल्लीत कुणी राहायला जात नाही. नियम मात्र लोक पाळतात. कान वेळेवर मिळाला नाही तर काय करशील?
ताई


ला क्रॉस, विस्कॉन्सिन
शुक्रवार, १६ ऑगस्ट, सकाळ

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं कार्ड निघायच्या दिवशी मिळालं. नवीन पान टाईप करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. पुढे वाच, म्हणजे का ते कळेल.

वसतिगृहात दोन खाटांच्या खोलीत आम्ही चौघं. मी जमिनीवर. दारात 'आत मुक्कामी माणसं: दोन' अशी पाटी आहे, म्हणून उरलेल्या दोघांनी, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, एकेकट्यानेच बाहेर पडायचं. खाली हॉलमध्ये दोनशे टेबलं, फाशांचा खडखडाट, आणि दुसऱ्याच्या फाशाला चुकून बोट लागलं तर लोक असे बघतात की जणू आपण त्यांच्या ताटात हात घातला. जेवण ठीक चाललंय. काल सगळ्यांसाठी कुणाच्या तरी मिशिगनच्या सासूने पातेलंभर नूडल्स आणि टर्की पाठवली होती. मी चेहरा ओळखीचा करून दोनदा वाढून घेतली.

आता मुद्दा. डेल्बर्टकडे एक वही आहे. मी आलो की तो ती मिटतो. काल सकाळी दात घासता घासता त्याने मला विचारलं, की व्हर्ल, तो सातवा नियम तू खरंच ठेवणार आहेस? म्हणजे त्याने कागद वाचला! मी गुळणी करून म्हटलं, की माझ्या खेळाला माझे नियम. त्यावर तो म्हणाला, अरे बाबा, मी फक्त विचारलं, तू तर तोंडही माझ्याकडे पाठ करून पुसतोस.

दुसरं. श्रीमती क्विस्टच्या सहा जागा भरल्या होत्या. मी सातवा. काल दुपारी डेल्बर्ट मेळ्याच्या टेबलापाशी यादी सांभाळणाऱ्या लाल चष्मेवाल्या बाईशी कुजबुजत होता, हातवारे करत होता. तासाभराने यादीत माझं नाव लागलं: शनिवार, दुपारी दोन. माझ्यासाठी कोण कशाला खटपट करील? मला वाटतं, खेळ एकदा उघड्यावर आला, की चोरायला सोपा.

पीनट बटरची पातळीही दोन बोटं खाली गेली आहे. आठवण ठेव.
व्हर्लिन


ओ क्लेअर
सोमवार, १९ ऑगस्ट

चि. व्हर्लिनास,
आशीर्वाद, आणि कानाखाली एक ठेवून दिलीच असं समज.

तुझं शुक्रवारचं पत्र आज मिळालं, म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं असणार. पीनट बटर तूच खाल्लंस. तू लहानपणी झोपेत बिस्किटं खायचास आणि सकाळी मला मार बसायचा.

खेळाचं काय झालं ते कळव. चांगलं असो वा वाईट, आडवळणं नकोत. वाट बघते आहे, म्हणजे माया शिल्लक आहे असं धर.
ताई


डिकोरा
मंगळवार, २० ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि. या खेपेला 'न'वर जोर आहे.

आडवळणं नकोत म्हणालीस, तर सरळ सांगतो. खेळ घेतला नाही.

शनिवारी पावणेदोनला श्रीमती क्विस्टच्या मदतनिसाने पेटी आणि कागद माझ्या हातून घेतले आणि मला टेबलापासून सहा फुटांवर एक खुर्ची दाखवली. मी बाईंना एक गोष्ट खाजगीत सांगायची आहे असं म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, सगळ्यांनाच सांगायची असते. त्यांची पद्धतच अशी: खेळणाऱ्यांनी कागद वाचून खेळायचं, करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, कारण दुकानातून खेळ नेणाऱ्याच्या घरी तुम्ही सोबत जाणार नाही. उघडलं तर खेळ बाद.

चौथा खेळाडू कमी पडला, तर लाल चष्मेवाल्या बाईंनी डेल्बर्टला आणून बसवलं.

पहिली वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. नदी चालत होती, ताई. श्रीमती क्विस्ट ओंडका वळणावर अडवून हसल्या आणि शेजारच्याला म्हणाल्या, आता बसा बोंबलत. मग पहिला ओंडका गिरणीला लागला. त्यांनी कागद वाचला आणि सगळे एक वळण मागे. पुन्हा लागला, पुन्हा मागे. डेल्बर्टने माझ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं, तो मला डोळ्यांनीच विचारत होता, बोलू का? मी मान खाली घातली. त्याने निमूटपणे आपले ओंडके मागे सरकवले. चाळीस मिनिटांत नदी उगमापाशी येऊन पोचली.

मग मला बोलायची मुभा मिळाली. श्रीमती क्विस्टनी विचारलं, हा नियम कशासाठी? खोटं बोलता आलं असतं. टाईप करणारीची चूक म्हणता आलं असतं. (आभार मान.) मी खरं सांगितलं: चोर पकडायला. त्यांनी विचारलं, कोणता चोर?  नाव घ्यायची गरज नव्हती, कारण मी कुठे बघतोय ते टेबलावरच्या सगळ्यांना दिसत होतं.

डेल्बर्टने खिशातून ती वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेला. वहीत सातव्या नियमाच्या जागी घालता येतील असे नऊ नियम होते. प्रत्येकाखाली किती डाव खेळून पाहिला ते लिहिलेलं. त्याने खेळ नुसता आठवणीतून, बटाट्याच्या फोडी मांडून खेळला होता. पाचवा नियम खरोखर चांगला आहे.

मी वही बाईंना दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाल्या, नदी छान आहे, पण ज्या खेळाच्या कर्त्यालाच खेळणारा नकोसा वाटतो, तो मी कुणाला विकू? तीन खेळ त्यांनी निवडले. पुढच्या वर्षी येणार की नाही, ते त्यांनाच माहीत नाही.

 रात्रीच्या जेवणाला डेल्बर्टने पावाचा अर्धा तुकडा माझ्याकडे सरकवला, एवढंच. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला, गप रे, तुझी खुर्ची सहा फुटांवरच आहे असं समज.

रविवारी सकाळी तो गुडघ्याला पट्टी बांधून खेळायला गेला. मी खोलीत पथारी गुंडाळत होतो, तेवढ्यात लाल चष्मेवाल्या बाई दारात. नुटसन कुठे आहेत? मी विचारलं, काय काम? तेव्हा कळलं. भरलेल्या यादीत जादा जागा मेळ्यासाठी राबणाऱ्यांनाच मिळते. गुरुवारी डेल्बर्टने तिथे सांगितलं, की माझा मित्र लाजाळू आहे, त्याच्या वाटचं काम मी करीन. त्याला कळू देऊ नका, तो संशयी आहे. काम होतं ते बास्केटबॉलच्या हॉलमधल्या सगळ्या घडीच्या खुर्च्या मिटून भिंतीशी रचायचं. गुडघा असा असताना.

मी म्हटलं, की मीच नुटसन.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांनी डेल्बर्टला तीनदा पाहिलेलं आहे, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि त्याला केस आहेत. मग त्यांनी मला त्या हॉलची किल्ली दिली.

तीनशे अठ्ठावीस खुर्च्या होत्या. दोनपर्यंत चाललं. मग टेबलावरच्या कागदावर कामाच्या रकान्यात सही केली: डेल्बर्ट नुटसन. किल्ली वर ठेवली आणि गाडीपाशी जाऊन त्याची वाट पाहत उभा राहिलो.

तुझ्या मायेला अपात्र, पण सोडायला तयार नसलेला,
व्हर्लिन