तेच आकाश, जरा वर

बाबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मीटिंगमध्ये समोर तुम्हीच बसल्यासारखं वाटलं. टेबलाभोवती सगळे तुमच्यासारखे पायलट, छातीवर पंखांचे बिल्ले लावलेले. आम्हा उपग्रहवाल्यांना ते मिळत नाहीत. हवाई दलाने अवकाशात लढायचं कसं, याचा मसुदा मी वर्षभर लिहितेय, त्यावर चर्चा होती. अध्यक्ष जुने फायटर पायलट. एक तळहात हवेत गोल फिरवत म्हणाले, ‘‘एक सॅटेलाइट बॉर्डर के ऊपर घुमाते रहो. वही आसमान है, बस थोड़ा ऊपर.’’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

दिल्लीत, मयूर विहारच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्हीही हातांनी अशीच विमानं उडवायचात. आई पोळ्या लाटतेय, तुमचा डावा हात उजव्याच्या मागे लागलाय आणि ताटातलं वरण गार होतंय. मी उपग्रहांचं काम निवडलं, तेव्हा मात्र तुमचे हात मांडीवरच राहिले. ‘‘बसून करायचं काम आहे ते, बेटा,’’ एवढंच म्हणालात. मला भयंकर राग आला होता. खरं तर अजूनही येतो.

मी अध्यक्षांना म्हटलं, सर, टेहळणीचा उपग्रह विमानासारखा घिरट्या घालत नाही. डोक्यावर आला की निघून जातो, परत येईपर्यंत खालचं काही दिसत नाही, आणि सीमेवरचा जवान तेवढा वेळ आपल्या भरवशावर बसलेला असतो. म्हणून मसुद्यात मी ओळ घातलीय की नव्या अवकाश शाखेचा प्रमुख पायलटच असावा अशी अट नको. ते शांतपणे म्हणाले, ‘‘मॅडम, आपकी बात बिल्कुल सही. घुमानेवाली बात काट देते हैं. लेकिन चीफ पायलट ही रहेगा. लोग उसी की सुनते हैं.’’ माझं म्हणणं पटलं आणि माझी ओळ गेली.

त्या प्रमुखाच्या हाताखाली राहायचं की बदली मागायची, हे उद्या सांगायचंय. मेट्रोत बसून मी नीट विचार केला. राहणार आहे. उपग्रह डोक्यावर नसतो तेव्हा काय करायचं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवंच. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते: त्या खुर्चीत तुम्ही असतात, तर तुम्हीही माझी ओळ खोडली असतीत. तरी मला तिथे तुम्हीच हवे होतात.